पोस्टिंग वाराणसी : मंगला गौरीच्या गल्लीतला ॲम्प्लिफायर

वाराणसीची पोस्टिंग आली की जवानापेक्षा त्याच्या गावाला जास्त आनंद होतो. 1994 ते 1996 अशी दोन वर्षं मी तिथल्या छावणीत होतो. त्या काळात गावातली, भावकीतली, सासुरवाडीची मिळून किती माणसं मी स्टेशनवरून आणली, गंगेत बुडवली आणि परत गाडीत बसवून दिली याचा हिशेब ठेवला नाही. युनिटचं नाव लिहीत नाही, जुनी सवय. छावणीत 39 गोरखा ट्रेनिंग सेंटर आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या शेजारी आमची सिग्नलची मूठभर माणसं होती, एवढं पुरे.

पाहुण्यांना हिंडवता हिंडवता मला मंगला गौरीची वाट पाठ झाली. पंचगंगा घाटाला लागून वरच्या अंगाला हे मंदिर आहे. सूर्यानं इथे तप केलं, त्याचं अंग दिसेना, नुसते किरणच दिसत राहिले, म्हणून इथल्या सूर्याचं नाव मयूखादित्य, अशी काशीखंडातली कथा. गभस्तीश्वराचं लिंगही तिथेच. मराठी माणसाला हा पट्टा परका वाटत नाही. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा... पेशवाईपासून इथे आपली घरं आहेत. पंचगंगेवरचा हजारा दीपस्तंभ अहिल्याबाईंचा. गल्लीत चालताना मध्येच एखाद्या खिडकीतून "अगं, दूध उतू गेलं!" असं ऐकू येतं आणि आपण बनारसात आहोत की वाईत, असा क्षणभर घोटाळा होतो.

श्रावणात तर तिथे मंगळवारी पाय ठेवायला जागा नसते. त्यातही गंमत अशी की उत्तरेतला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. आधी तिकडच्या बायका सोळा-सोळा वस्तूंची ताटं घेऊन येतात, त्यांचा श्रावण संपत येतो तेव्हा आपल्या मराठी घरांतल्या मंगळागौरी सुरू होतात. पुजाऱ्याला दीड महिना उसंत नाही.

1996 च्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अशाच एका मंगळवारी गर्दीतून बाहेर पडताना एका ओट्यावर बसलेल्या आजींनी मला हटकलं. मी साध्या कपड्यांत होतो, पण बरोबरच्या पाहुण्यांशी मराठीत बोलत होतो. आजींना दिसत नव्हतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. "कुठले हो तुम्ही?" मी सांगितलं, सातारा जिल्हा, सध्या फौजेत, इथल्या छावणीत. "फौजेत काय करता?" सिग्नलमध्ये आहे, रेडिओ मेकॅनिक. त्यावर आजी जरा सरकून बसल्या, ओट्यावर हात थोपटला आणि म्हणाल्या, "बसा. आमचे हेही तेच होते."

आजींचे यजमान, नाना, 1942 साली भरती झालेले. जबलपूरला शिकून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वायरलेस सेट दुरुस्त करत हिंडले, लढाई संपल्यावर काशीला घरी आले आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. 1989 साली वारले. मीही जबलपूरलाच शिकलेला. मध्ये चाळीस वर्षं गेली होती, पण उस्तादाच्या शिव्या बहुधा त्याच असाव्यात.

आजींचं काम असं होतं. नानांनी 1963 साली स्वतःच्या हातानं बनवलेला ॲम्प्लिफायर घरात होता. त्याला रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर जोडलेले. डोळे गेल्यापासून आजींचा सगळा दिवस त्याच्यावर चालायचा. सकाळी विविध भारती, दुपारी रेकॉर्डी, संध्याकाळी बातम्या. तो जूनमध्ये बंद पडला. थोरल्या मुलानं, त्यांना गल्लीत सगळे भैया म्हणत, नवीन टेपरेकॉर्डर आणून ठेवला होता. आजी त्याला हात लावत नव्हत्या. एका मिस्त्रीनं येऊन पाहिलं आणि सांगितलं, पाचही व्हॉल्व्ह गेले, आता हे मिळत नाहीत, मिळाले तर अमुक इतके पडतील, त्यापेक्षा भंगारात द्या.

माझी मूव्ह ऑर्डर येऊन पडली होती. महिनाअखेरीस मला वाराणसी सोडायची होती. म्हणजे हातात दोन-तीन सुट्ट्या आणि मंगळवारचे आउट पास. मी म्हटलं, बघतो.

आजींनी अट घातली. "आतलं काही बदलायचं नाही. एक तारसुद्धा नाही. त्यांनी लावलेलं आहे ते."

मी काही बोललो नाही. आधी यंत्र बघू, मग अटीचं बघू.

यंत्र मात्र बघण्यासारखं होतं. ठठेरी बाजारातल्या ठठेऱ्याकडून पितळी पत्र्याची चौकट ठोकून घेतलेली, कोपरे असे जुळलेले की पूजेचं ताम्हण वाटावं. वर पाच व्हॉल्व्ह. जुन्या माणसांना आठवेल, मुलार्ड कंपनीनं 1954 साली एक आराखडा प्रसिद्ध केला होता, पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून त्याचं नावच 'पाच-दहा'. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बसून बनवला. नानांनी त्याच धर्तीवर आपला केला होता. पुढे एक ईएफ 86, मग एक ईसीसी 83, शेवटी जोडीनं दोन ईएल 84, आणि बाजूला ए.सी.चं डी.सी. करणारा ईझेड 81. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं 1961 पासून आपल्याकडे असे व्हॉल्व्ह करायला सुरुवात केली होती, त्यामुळे 63 साली ते हाताशी होते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र विकतचा नव्हता. भैयांनी सांगितलं की नानांचा एक विणकर मित्र होता, त्याच्या नरी भरायच्या चरख्यावर नानांनी तांब्याची तार गुंडाळली, एकेक वेढा मोजत, आठ दिवस. वेढा चुकू नये म्हणून त्या आठ दिवसांत घरात कोणी नानांशी बोलायचं नाही असा हुकूम होता.

व्हॉल्व्ह ज्यांनी पाहिलाच नाही अशा तरुण वाचकांसाठी दोन ओळी. काचेच्या नळीत हवा नसते. मधली कॅथोड नावाची नळी तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या पत्र्याकडे, ज्यावर तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात, त्याच्याकडे धावतात. मध्ये ग्रिड नावाची जाळी. जाळीवरचा दाब जरासा हलला की मागचा सगळा लोंढा हलतो. नळाच्या तोटीसारखं. शेवटचे दोन व्हॉल्व्ह लाकूड कापणाऱ्या दोघांसारखे असतात, एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो.

आणि दोन ओळी सावधगिरीच्या. हे तीनशे व्होल्ट माणूस मारतात. प्लग काढला तरी आतले मोठे कंडेन्सर भरलेले राहतात, ते आधी रेझिस्टन्स लावून रिकामे करायचे. चालू यंत्रात हात घालायचाच तर एकच हात, दुसरा खिशात. हे मला जबलपूरला शिकवलं ते शब्दांनी नाही. डावा हात बाहेर दिसला की उस्तादाची छडी बसायची.

तर पहिली पायरी : काही उघडण्याआधी बघणं, वास घेणं, विचारणं. मी आजींना विचारलं, बंद पडला तेव्हा कसा पडला? एकदम, की हळूहळू? आजी म्हणाल्या, एकदम. पण त्याआधी दोन-तीन महिने आवाज "घसा बसल्यासारखा" झाला होता, मोठा केला की चिरकायचा. आणि यंत्राजवळ हात नेला की पूर्वीपेक्षा जास्त ऊब लागायची. डोळस माणसानं हे सांगितलं नसतं. भैयांना यातलं काहीच जाणवलं नव्हतं. ही माहिती मी मनात टिपून ठेवली, पुढे तिनंच अर्धं काम केलं.

दुसरी पायरी : घरातली वीज. त्या गल्ल्यांत तेव्हा संध्याकाळी 180 आणि रात्री बारानंतर 250 व्होल्ट सहज व्हायचे. मी मित्राकडून मागून आणलेला ॲव्हो मीटर लावला. 225. ठीक. शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकून ॲम्प्लिफायर चालू केला. आत कुठे शॉर्ट असता तर बल्ब भगभगून पेटला असता. तो सुरुवातीला उजळला आणि मंद होत गेला. म्हणजे शॉर्ट नाही. मग बल्ब काढून सरळ जोडला. पाचही व्हॉल्व्ह आत तांबूस झाले. मिस्त्रीचं "पाचही गेले" हे तिथेच डळमळलं. पाच व्हॉल्व्ह एका दिवशी मरत नाहीत, जसं एका गोळीत पाच माणसं पडत नाहीत. असं कुणी सांगितलं की समजावं, त्यानं मोजलेलं नाही.

स्पीकरला कान लावला. जिवंत यंत्राची जी बारीक घरघर असते, तीही नाही. स्पीकर सोडवून साध्या सेलनं टोचला, टक् वाजला. स्पीकर शाबूत.

मग प्लग काढला, कंडेन्सर रिकामे केले, यंत्र उलटं केलं आणि खालचा पत्रा उघडला.

पत्र्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता, वरून लाखेचं पातळ लुकण. नानांचं अक्षर, बारीक आणि उभं. वर तक्ता : जागा, आकडा. कोणत्या ठिकाणी किती व्होल्ट यायला हवेत ते सगळं लिहिलेलं. एचटी 310. शेवटच्या जोडीचा कॅथोड 11. ग्रिड 0. आणि खाली, सेटच्या लॉगबुकात लिहितात तशा तारखा, काय केलं, सही. फौजेतून सुटून अठरा वर्षं झालेला माणूस स्वतःच्या घरातल्या, स्वतःच बनवलेल्या यंत्राचं लॉगबुक ठेवतो आणि प्रत्येक नोंदीखाली सही करतो. मला फार बरं वाटलं. आमच्यातल्या निम्म्या पोरांना हे सांगून सांगून आमचे सुभेदार साहेब थकायचे.

आजींना मी ते वाचून दाखवायला लागलो. त्यांना हा कागद माहीत नव्हता. तो यंत्राच्या पोटात होता.

"सप्टेंबर 1965. समोरचा तांबडा दिवा काढला."

आजी म्हणाल्या, "लढाई होती ना. रात्री खिडक्यांना काळे कागद लावायचो. तरी ते म्हणाले, हा दिवासुद्धा नको."

"डिसेंबर 1971. ईझेड 81 बदलला."

"ढाक्याला शरण आले त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू होता. सगळी गल्ली इथे, जिन्यावर माणसं. मी चहाची चार पातेली केली. दोन दिवसांनी बंद पडला. हे म्हणाले, दमला."

"सप्टेंबर 1978. पाण्याची ओल. ट्रान्सफॉर्मर तीन दिवस शेगडीजवळ वाळवला."

तो पूर काशीत अजून सांगतात. गंगेची पातळी 73.901 मीटरवर गेली होती, धोक्याची खूण 71.262 ची. आजींच्या घराची खालची कोठी पाण्यात गेली. "धान्याचं पोतं मी उचललं आणि हे हे यंत्र घेऊन वर चढले. पोतं मलाच उचलावं लागलं," आजी म्हणाल्या. इतक्या वर्षांनीही आवाजात राग होता, आणि तो खरा होता.

पुढची नोंद होती मार्च 1984 ची. "वरचा कपलिंग कंडेन्सर बदलला. खालचा ठीक. नजर ठेवणे."

त्यानंतर नोंद नाही.

मी परत मीटरकडे वळलो. यंत्र उलटंच चालू केलं, डावा हात खिशात. एचटी मोजली. कागद सांगतो 310, काटा दाखवतो 365. नवशिका इथे गोंधळतो. यंत्र मेलेलं, मग दाब कमी हवा, जास्त कसा? पण गावातल्या नळाचा विचार करा. सगळ्यांनी तोट्या बंद केल्या की पाइपातला दाब वाढतो. 365 चा अर्थ इतकाच की वीज तयार आहे, पण कोणी ओढत नाही. ओढणारे दोघं, ते शेवटचे ईएल 84. दोघंही एकदम थांबलेत. दोघांत सामायिक काय? एकच कॅथोड रेझिस्टन्स. दोघांची वीज त्यातून जमिनीला जाते.

तिथे मोजलं. कागद म्हणतो 11, काटा तिसाच्या पुढे. प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करून, त्या रेझिस्टन्सचं एक टोक सुटं करून ओहम मोजले. काटा हललाच नाही. आतून तुटलेला. वरचा रंग जळून कॉफीसारखा झालेला, आणि त्याला समांतर लावलेला 25 व्होल्टचा कंडेन्सर फुगलेला. व्हॉल्व्ह ठणठणीत होते, त्यांच्या पायाखालची वाट तुटली होती.

भैया म्हणाले, "बस? दो रुपये का रेझिस्टन्स?" तिथे काम संपवता आलं असतं. दोन रुपयांचा रेझिस्टन्स लावला असता, यंत्र वाजलं असतं आणि मी पुढच्या पोस्टिंगवर पोचेपर्यंत परत जळलं असतं. रेझिस्टन्स आपणहून जळत नाही, त्याला कोणीतरी जाळतं. आजींनी सांगितलेलं आठवा : दोन-तीन महिने घसा बसलेला, ऊब जास्त. म्हणजे दोघांतला एक व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त ओढत होता. तो तेव्हाच जास्त ओढतो, जेव्हा त्याच्या ग्रिडवर नको ती वीज पोचते. ग्रिडच्या दाराशी पहारा असतो कपलिंग कंडेन्सरचा. आवाज आत सोडायचा, डी.सी. अडवायचा, एवढंच त्याचं काम. ते 1963 चे कंडेन्सर मेण लावलेल्या कागदाचे होते, आणि घर गंगेच्या काठावर. तेहतीस पावसाळे आणि एक 1978.

कुठला असेल, ते नानांनी लिहूनच ठेवलं होतं. खालचा. मी त्याचं ग्रिडकडचं टोक सोडवलं, यंत्र चालू केलं आणि सुट्या टोकाला मीटर लावला. चांगल्या कंडेन्सरवर काटा एकदा झुकून शून्यावर येतो. इथे तो वर गेला आणि वरच राहिला. वरचा, 84 साली बदललेला, तसाच तपासला. शून्य.

आता अट. आजींना मी सगळं सांगितलं. तीन वस्तू बदलाव्या लागतील : रेझिस्टन्स, त्याच्या शेजारचा फुगलेला कंडेन्सर आणि हा मेणाचा. बाकी एका तारेलाही हात लावणार नाही. आजी गप्प. बाहेर गल्लीत घंटा वाजत होत्या, पाऊस सुरू झाला होता, गंगा इतकी वर होती की घाटाच्या पायऱ्या नावालाही उरल्या नव्हत्या.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "71 साली त्यांनी बदललं होतं ना काहीतरी?"

"हो, ईझेड 81."

"आणि 84 ला?"

"वरचा कंडेन्सर."

"जुने काय केले त्यांनी?"

मला काय माहीत. पण भैया उठले आणि कोनाड्यातून बिस्किटाचा एक गंजका डबा घेऊन आले. आत पितळी स्क्रू, तारेचे तुकडे, आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला एक काळवंडलेला व्हॉल्व्ह आणि एक मेणाचा कंडेन्सर. आजींनी ते दोन्ही हातात घेऊन चाचपले. कंडेन्सर बराच वेळ बोटांत फिरवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण जुने या डब्यात टाकायचे."

पुढचं थोडक्यात. युनिटच्या स्टोअरमधून काही आणायचं नाही हा माझा नियम, म्हणून शहरातल्या रेडिओ पार्टच्या दुकानात गेलो. 130 ओहमचा रेझिस्टन्स मिळाला नाही, 270 चे दोन समांतर लावले, हिशेब 135 वर येतो, चालतं. कंडेन्सर 0.1 चा, 630 व्होल्टचा, प्लास्टिकच्या पिवळ्या वेष्टणातला. नानांच्या कामात तो पिवळा रंग डोळ्याला खुपत होता, पण आजींना दिसत नव्हता आणि मला परवडत होता. डाग देताना त्यांच्या जुन्या जोडांकडे पाहिलं. प्रत्येक तार आधी खुंटीला पीळ देऊन घट्ट बांधलेली, मग वरून कथील. डाग निघाला तरी तार निघणार नाही. ट्रकमध्ये आदळणाऱ्या सेटला असेच जोड लागतात. दिवाणखान्यात ठेवायच्या यंत्राला लागत नाहीत, पण हाताला दुसरं येत नसावं.

मंगळवार, 20 ऑगस्ट. आपला श्रावण लागला होता, शेजारच्या घरात मंगळागौर होती, बायकांच्या फुगड्यांनी वरची जमीन हादरत होती. आधी सिरीज बल्ब, मग सरळ. एचटी 312. कॅथोड साडेअकरा. ग्रिड दोन्ही शून्य. अर्धा तास तसाच तापू दिला, परत मोजलं, आकडे जागेवर. मग स्पीकर आणि रेकॉर्ड प्लेअर जोडला.

आजींनी रेकॉर्ड आधीच काढून ठेवली होती, वेष्टणाच्या फाटक्या कोपऱ्यावरून त्या ओळखायच्या. बिस्मिल्ला खाँसाहेब. पंचगंगेच्या जवळच्या बालाजी मंदिरात खाँसाहेब तरुणपणी रियाज करायचे. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा पहाटे पाणी भरताना ती सनई कानावर यायची, असं त्या सांगत. खाँसाहेब तेव्हा हयात होते, याच शहरात राहत होते. सुई टेकली, खरखर झाली, आणि पहिला सूर आला. आजींनी मान जरा तिरकी केली. मी आणि भैया त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"घसा सुटला," त्या म्हणाल्या. मग लगेच, "जरा लहान करा. शेजारी मंगळागौर आहे, त्यांना गाणी म्हणू द्या."

मला आठपर्यंत छावणीत पोचायचं होतं. पत्रा बसवण्याआधी मी खिशातली पेन्सिल काढली आणि नानांच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं : 20 ऑगस्ट 1996. खालचा कपलिंग कंडेन्सर बदलला. कॅथोडचा रेझिस्टन्स व कंडेन्सर बदलला. खाली सही, हुद्दा. लिहिलेलं आजींना वाचून दाखवलं.

"वरचा किती वर्षांचा झाला?" त्यांनी विचारलं.

"चौऱ्याऐंशीचा. बारा."

"मग तेही लिहा."

मी लिहिलं. वरचा ठीक. नजर ठेवणे.